बांधापलीकडच्याची बाजू

तू लिहायला लागलीस हे दादाकडून कळलं. तो काळजीच्या सुरात सांगत होता, मला मात्र फार आनंद झाला. आपल्या घरात लिहिणारी मी एकटीच होते, आता दोघी झालो. ओतूरच्या या मळ्यात कांदा आणि ऊस करता करता माझा जन्म गेला, आणि त्याच्या जोडीनं कथा लिहिण्यातही गेला. त्या जोरावर तुला काही सांगावंसं वाटतं. यातलं निम्मं माझं नाही. काही आमच्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींचं आहे, काही तुझ्या आजीचं आहे, आणि तिला तर अक्षरओळखही नव्हती. मला मिळालं तसं तुझ्या हाती देते.

आपल्या गावाला कानमंत्राचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तुकोबांना स्वप्नात उपदेश केला तो बाबाजी चैतन्यांनी, आणि परंपरेनं त्यांची समाधी आपल्या ओतूरला, मांडवीकाठी कपर्दिकेश्वराजवळ आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवारचा दिवस. मंत्र तीन शब्दांचा, ‘राम कृष्ण हरी’. गुरूंनी डोक्यावर हात ठेवला, मंत्र सांगितला आणि ते गेले. पुढचं सगळं तुकोबांना एकट्याला करावं लागलं. लोकांचा विरोध सहन केला, वह्या इंद्रायणीत गेल्या तरी ते लिहीत राहिले. म्हणून माझ्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नकोस. सांगणारा दारापर्यंत सोडायला येतो, आत तुलाच जायचं आहे.

आधी कान तयार कर. लिहिणाऱ्याचं पहिलं काम ऐकणं. पिशवीत कायम एक छोटी वही ठेव आणि शब्द ऐकला की तिथल्या तिथे टिपून घे, घरी जाऊन लिहीन म्हणू नकोस. शब्दाबरोबर तो कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, काय करताना म्हणालं, हेही लिही. तुझं शिक्षण पुण्यात झालं, त्यामुळे ‘कांदा साठवण्याची जागा’ असं काहीतरी तुझ्या लेखणीतून उतरेल. इथं तिला बराख म्हणतात. पाटातून आलेलं पाणी एकेका वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की माती ओढून तोंड बंद करायचं आणि पुढचं उघडायचं, याला आपण दारं धरणं म्हणतो. शर्यतीत बैलगाडा एकदा घाटातून सुटला की ती बारी. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा करणाऱ्या बायका कोवळ्या फळाला बाळहिरडा म्हणतात, आणि त्याचा भाव वेगळा असतो. हे शब्द वापरले की वाचकाला जागा दिसते आणि तिथं काम करणारी माणसंही दिसतात. शब्द चुकला की इथला वाचक पुस्तक मिटतो आणि तुझं पुढचं खरंही खोटं धरतो.

बोलीची लाज बाळगू नकोस. आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, तू लहानपणी पाहिली आहेस. ज्या मुलखानं रेड्याच्या मुखातून आलेल्या शब्दांचा एवढा मान राखला, त्या मुलखातल्या माणसानं स्वतःच्या आईच्या बोलीला कमी लेखावं, हे मला पटत नाही. मात्र बोली म्हणजे शोभेची वस्तूही नव्हे. पात्र जसं बोलेल तसं बोलू दे. निवेदन तुझ्या स्वतःच्या भाषेत असू दे, आणि तुझी भाषा आज पुण्याची असेल तर तीही खरीच आहे.

वेळेचं सांगते. निवांतपणा मिळाला की लिहीन, असं म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना तो मिळाला नाही. मी लिहिलं ते बरंचसं रात्री दारं धरताना. थ्री फेज लाइट रात्रपाळीला असते त्या आठवड्यात मोटर चालू करून वाफ्याच्या तोंडाशी बसायचं. एक वाफा भरेपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात चार-पाच ओळी होतात. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅटरी हनुवटीखाली दाबलेली, खोरं हाताशी, आणि शेजारी उसात बिबट्या असण्याची भीती म्हणून मोबाइलवर अभंग मोठ्यानं लावलेले. पाणी भरल्याचा आवाज बदलतो, तो कानाला कळतो. उठून दारं मोडायचं, पुढचं धरायचं, परत बसायचं. मधे तुटलेलं वाक्य डोक्यात घोळत राहतं आणि परत बसेपर्यंत सुधारलेलं असतं. तुला ऑफिस आहे, लोकलचा नाही तरी पीएमपीचा प्रवास आहे, स्वयंपाक आहे. त्यातलीच एखादी ठरलेली फट निवड, आणि ती रोज तीच असू दे. घरच्यांना सांगून ठेव, की एवढा वेळ माझा. लिहिते म्हणून कामातून सुटका मागू नकोस, पण वेळ मात्र माग, आणि मागताना अपराधी वाटून घेऊ नकोस. पुरुष लिहायला बसला की घर हळू बोलतं. बाई बसली की घराला भूक लागते. हे बदलायला वेळ लागेल, तोवर तू अडून बस.

लिहून झालं की ते मोठ्यानं वाच. हे मी नारायणगावात शिकले. पाडव्याच्या आधी तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, प्रत्येक राहुटीपुढे फडाचं नाव. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, त्यासाठी गावकारभारी येऊन सुपारी देतात. जत्रेची तिथी जितकी मोक्याची तितकी सुपारी चढी. माझे वडील गावच्या जत्रेच्या पंचांत होते, म्हणून लहानपणी मला तिथं जायला मिळालं. जे ऐकलं त्यानं मी चकित झाले. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. आणि या वगाची संहिता कित्येकदा कागदावर पुरती नसायचीच. प्रवेशात काय घडायचं ते ठरलेलं असे, संवाद नट उभ्या जागी रचायचे. समोर हजारो माणसं, मागच्या रांगेतला दिवसभर राबून आलेला. त्याला कळलं नाही तर तो उठून जातो, आणि ते उठणं रंगमंचावरून दिसतं. त्यामुळे वाक्य लांबलं की नट तिथेच छाटायचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर अशा फडात वाढल्या. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं त्यांना मिळाली, आणि 2002 साली त्या गेल्या, त्या शेवटची वर्षं ओढगस्तीत काढून. त्या दोन्ही गोष्टी तू एकत्र लक्षात ठेव, पुढे पैशाचं बोलायचं आहेच. आत्ता एवढंच, की तुझा वाचक उठून गेलेला तुला दिसणार नाही. म्हणून आपल्याच आवाजात आपलं लिहिलेलं ऐकायचं. जिथं श्वास पुरत नाही, जिथं आपल्यालाच कंटाळा येतो, तिथं खूण कर. ती जागा बहुधा तू दिसण्यासाठी लिहिलेली असते.

पहिला खर्डा झाला की लगेच कुठे पाठवू नकोस. कांदा काढला की आपण काय करतो? पातीसकट शेतात सुकू देतो, मान वाळली की पात कापतो, मग काही दिवस सावलीत ठेवतो, आणि मगच बराखीत भरतो. घाईनं ओला भरला की आत सडतो आणि शेजारचा धडही नासवतो. कथेचं तसंच होतं. महिनाभर वही उघडायची नाही. नंतर वाचलीस की पहिल्या दिवशी जे फार आवडलं होतं तेच बहुधा काढून टाकावंसं वाटतं. काढ. गुरुजी सांगायचे, पहिला परिच्छेद पुष्कळदा लिहिणाऱ्यानं स्वतःला धीर देण्यासाठी लिहिलेला असतो, तो उडवून बघ. मी आजही उडवून बघते.

आता मुख्य गोष्ट. लिहून काय मिळतं, असं तू दादाला म्हणालीस म्हणे. त्याचं उत्तर मला एका भांडणात मिळालं, ते सविस्तर सांगते.

आपल्या खालच्या मळ्याच्या बांधावरून भावकीतल्या एका घराशी वाद होता, तू तेव्हा जन्मली नव्हतीस. दर वर्षी तो माणूस नांगराचं एक तास बांधात घालायचा. बांध कोरत कोरत एवढा बारीक झाला, की त्यावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाता येईना. मोजणी आणली, खुंट्या रोवल्या, दुसऱ्या वर्षी खुंट्या गायब. तुझ्या आजोबांचं त्या माणसाशी बोलणं बंद, बायकांचं पाणवठ्यावरचं बोलणं बंद, लग्नाची पत्रिका सुद्धा दारावर ठेवून जायचे. मी संतापानं त्यावर कथा लिहायला घेतली. आपल्या बाजूचं भराभर लिहून झालं. त्याचं बोलणं लिहायची वेळ आली आणि हात अडला. जे वाक्य लिहीन ते नाटकातल्या दुष्टाचं व्हायचं. गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, ‘हा माणूस रात्री जेवताना बायकोला या बांधाबद्दल काय सांगत असेल? ते वाक्य तुला सापडलं की कथा होईल. तोवर ही तक्रार आहे, तलाठ्याकडे दे.’

मी पुष्कळ दिवस ते वाक्य शोधत राहिले. शोधायचं म्हणजे काय, तर त्या माणसाकडे नीट बघायला लागले. तो कधी नांगरतो, कोणाचे बैल आणतो, बांधाशी आला की मान वर करतो का. मग आठवलं, की त्याच्या वाटणीतला चांगला तुकडा कालव्यात गेला होता. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले तेव्हा आपली जमीन ओलिताखाली आली आणि त्याची कापली गेली. आपल्या घरात कालवा म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलायचे, त्याच्या घरात त्याच शब्दानं काय होत असेल? ते वाक्य मला सापडलं: ‘ह्यांच्या पाण्यासाठी माझं रान गेलं, आन ह्यांना येका तासाचं दुखतंय.’ त्यानं असं कधी म्हटलं की नाही, मला माहीत नाही. पण ते लिहिलं आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. वाद मिटला नाही. त्याचं चूक ते चूकच राहिलं, बांध आपलाच होता. पण माझ्या पोटात जी आग होती ती गेली. पुढे रस्त्यात तो दिसला की मान वळवायची गरज मला राहिली नाही.

हा तो मोबदला, पोरी. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून तिथून आपल्याकडे बघता येणं. कीर्तन ऐकून हे मला साधलं नव्हतं, वडीलधाऱ्यांनी समजावून साधलं नव्हतं. संवाद खरा लिहायचा एवढ्या हट्टानं साधलं. कथा नंतर एका अंकात आली, थोडंफार मानधन आलं, त्याची मनिऑर्डर कुठे खर्च झाली ते आठवतही नाही. सासूवर रागावलीस, साहेबावर रागावलीस, नवऱ्यावर रागावलीस, की त्यांचं एक पान त्यांच्या तोंडून लिही. छापायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. अर्ध्या पानात राग उतरेलच असं नाही, पण तो कशाचा आहे ते कळेल.

आणि नेमकी इथंच लिहिण्याची मोठी जोखीम आहे. दुसऱ्याच्या आत शिरायची सवय लागली, की माणसं आपल्याला कथेचा माल वाटायला लागतात. कोणी रडत असते आणि आपण मनात टिपत असतो, की ही पदराचा कोपरा कशी पिळतेय. हे प्रत्येक लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतं. 30 जुलै 2014 ला सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. त्यानंतर आठवडाभरात कविता आल्या, लेख आले, मलाही एका संपादकांचा फोन आला, की तुम्ही जवळच्या, तुम्ही लिहा. मी नाही म्हटलं. ज्या घरात रडणंही पुरतं झालेलं नाही तिथं वही उघडायची नाही, हे तुझ्या आजीचं सांगणं. मयताच्या घरी ती भाकरी घेऊन जायची, चूल पेटवायची, गुरांना वैरण घालायची, आणि एक शब्द न बोलता परत यायची. दुःख ताजं असताना तुझ्या हातांचा उपयोग आहे, लेखणीचा नाही. वर्षांनी तिथलं माणूस आपण होऊन सांगायला लागलं, तर ऐक. आणि लिहिलंस तर छापण्याआधी त्याला वाचून दाखव. ‘हे नको’ म्हणालं तर ते वाक्य कितीही सुंदर असो, काढ.

याच्या उलट लिहिण्यानं काय होऊ शकतं, तेही आपल्याच गावच्या माणसानं दाखवलं. अनिल अवचट 1944 चे, ओतूरचे. डॉक्टरकी शिकले आणि आयुष्यभर लोकांत हिंडून लिहीत राहिले. ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘कोंडमारा’ ही पुस्तकं तू वाच, आणि त्यांचं ‘माझ्या लिहिण्याची गोष्ट’ तर आधी वाच. वाक्यं अगदी साधी, बोलल्यासारखी. मध्ये लेखक उभा राहून हात पसरून भाषण करत नाही. मुंबई-पुण्यात गर्दचं व्यसन पसरत होतं तेव्हा त्यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि 1986 साली अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. लेख लिहून ते बाजूला झाले नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. 2022 च्या जानेवारीत ते गेले. प्रत्येक लेखामागे संस्था उभी करावी असं मी म्हणत नाही, कोणाला झेपणार ते! पण ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याच्या दारात पुढच्या वर्षी ताठ मानेनं चहा प्यायला जाता येईल, असं लिही. एवढी कसोटी मला पुरते.

आपल्याच लोकांवर लिहायचं तर निमगिरीच्या डॉ. गोविंद गारे यांचंही काम बघ. महादेव कोळी समाजात जन्मले, पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि आपल्या समाजाबद्दल आतून लिहिलं. आतला माणूस लिहितो तेव्हा प्रेम असतं, आणि लपवण्याचा मोहही असतो. दोन्ही सांभाळायला धैर्य लागतं.

कधी कधी लिहिणं आटतं. महिनेच्या महिने काही सुचत नाही, आणि आपण संपलो असं वाटतं. घाबरू नकोस, हे येतं आणि जातं. त्या काळात हात मोडू द्यायचा नाही एवढंच. शांताबाई शेळक्यांचं बालपण आपल्या या खेड-मंचरच्या पट्ट्यात गेलं. त्यांनी काय केलं नाही? अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये नोकरी, मग कॉलेजात शिकवणं, कविता, गाणी, मुलांसाठी पुस्तकं, वर्तमानपत्रांतली सदरं. आणि अनुवाद: ‘चौघीजणी’सारखी जाडजूड कादंबरी, ‘मेघदूत’, जपानी हायकूंचे ‘पाण्यावरच्या पाकळ्या’. 1996 ला आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. मी त्यांच्याकडून एवढं घेतलं, की स्वतःचं सुचत नसेल तेव्हा दुसऱ्याचं चांगलं आपल्या भाषेत आणायचं. तुला इंग्रजी येतं, हिंदी येतं. एखादी आवडती कथा घे आणि रोज एक परिच्छेद मराठीत कर. दुसऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत उभं करताना आपले शब्द जागे होतात. तेही जमत नसेल तर पत्रं लिही. मला लिही.

बाहेरच्या जगाचं आता थोडक्यात. आपल्याकडे 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या लिहिणाऱ्याला दिवाळी अंकाचं दार आहे. पण त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच होते. मे-जूनमध्ये पाठव, गणपतीत पाठवलेलं उपयोगाचं नसतं. अंक आधी वाच आणि मग ठरव कोणाला काय पाठवायचं. पूर्वी ‘साभार परत’ची चिठ्ठी यायची, आता तेही येत नाही, नुसती शांतता असते. तीन-चार महिने थांब, एकदा विचार, आणि दुसरीकडे पाठव. एक परत आली त्याच दिवशी दुसरी लिहायला बसायचं, हा माझा जुना नेम आहे. मूळ प्रत कधीही हातातून सोडू नकोस. माझं एक हस्तलिखित एका प्रकाशकाकडून परतच आलं नाही. कार्बन लावून लिहिलं होतं म्हणून कथा वाचल्या.

कोणी म्हणेल, पैसे भरा, पुस्तक काढतो. नव्या कवींना तर हे फार ऐकावं लागतं. घाई करू नकोस. किती प्रती, मानधन किती टक्के, हक्क कोणाचे, हे कागदावर घेतल्याशिवाय रुपया देऊ नकोस. पुस्तक दोन वर्षं उशिरा आलं म्हणून कोणी मरत नाही, पण पलंगाखाली रचलेले गठ्ठे रोज डोळ्यांना टोचतात. आणि नोकरी सोडू नकोस. विठाबाईंचं मघाशी सांगितलं ते यासाठीच. महाराष्ट्र कलावंताला टाळ्या मनापासून देतो, म्हातारपण मात्र ज्याचं त्यालाच काढावं लागतं. पगार चालू असला की न पटणारं लिहिण्याची वेळ येत नाही.

मत्सर होईल. बरोबरीच्या मुलीची कथा गाजली की जीव खालीवर होतो. त्याला एकच औषध मला लागू पडलं आहे. ती कथा नीट वाचायची आणि तिला पत्र टाकायचं, कुठली ओळ आवडली, का आवडली, ते नेमकं लिहून. पत्र लिहिता लिहिता कथेची खुबी आपल्या हाती लागते, आणि एक मैत्रीण मिळते. माझ्या सगळ्या लिहित्या मैत्रिणी अशाच जोडलेल्या आहेत.

लिहिलेलं टिकेल का, हा विचार करू नकोस. तरी येतोच, म्हणून एक सांगते. नाणेघाटात गेलो होतो आपण, ते घाटमाथ्यावरचं लेणं आठवतं? दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे तिथं, ब्राह्मी लिपीत. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, हत्ती-घोडे किती, कार्षापणं किती, याची यादी आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावं तेवढी राहिली. अभ्यासक तो लेख वाचतात, तोही मोलाचाच आहे. पण त्याच सातवाहनांतल्या हालानं महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा गोळा केल्या. त्यांत शेतकरी आहे, नदीकाठ आहे, नवऱ्याची वाट बघणारी बाई आहे. त्या आजही लोक आवडीनं वाचतात. राजाचं दान दगडावर कोरूनही अर्धं झिजलं आणि खेड्यातल्या बाईचं बोलणं गाथांतून टिकलं. माझं मत विचारशील तर बाईच्या बोलण्याच्या बाजूनं लिही.

आता काम सांगते. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. कचेऱ्या घोडेगावला आहेत, गाव पाण्याखाली आहे. तिथं पेठ होती, देवळं होती, गल्ल्या होत्या, प्रत्येक विहिरीला नाव होतं. ती नावं कुठे लिहून ठेवलेली मला तरी दिसली नाहीत. ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही म्हणून ती सांगत नाहीत. मोठी कादंबरी वगैरे नंतर लिही. या रविवारी पुण्याहून घोडेगावची एसटी पकड, वही घेऊन जा, आणि मूळच्या आंबेगावच्या कोणा आजीच्या ओट्यावर बसून विचार, की आजी, तुमच्या घरापासून नदीपर्यंत जाताना वाटेत कोणाकोणाची दारं लागायची. ती सांगेल त्या क्रमानं लिही, एकही दार गाळू नकोस. रात्रीचा मुक्काम माझ्याकडे कर.